पावसाळ्यात ओ-रिंग चेनची सफाई आणि वंगण कसे करावे?

घाटवाटकर:
चिपळूण ते कराड असे माझे कुंभार्ली घाटातून नेहमीचे जाणे-येणे असते. पाऊस सुरू झाल्यापासून मोटारसायकलच्या चेनवर तांबूस थर चढतो आणि इंजिन बंद ठेवून गाडी ढकलली की मागून कटकट ऐकू येते. चेन ओ-रिंगची आहे. गॅरेजमध्ये ती पेट्रोलने धुऊन वर जळके ऑइल चोपडून देतात, पण पुढच्या पावसात ती पुन्हा कोरडी पडते. हे काम घरी करायचे असल्यास काय वापरावे?

पाना-पक्कड:
पेट्रोल आणि जळके ऑइल, दोन्ही आधी बंद करा. ओ-रिंग चेनमध्ये पिन (सांध्यातली कांडी) आणि बुश (तिच्याभोवतीची नळी) यांच्यामधले ग्रीस कारखान्यातच भरलेले असते आणि रबराच्या बारीक कड्या, म्हणजेच ओ-रिंग, ते आत धरून ठेवतात. पेट्रोलने त्या कड्या खराब होतात, आणि एकदा ग्रीस बाहेर आले की वरून कितीही तेल ओतले तरी ते आत पोहोचत नाही. जळक्या ऑइलमध्ये इंजिनातला धातूचा कीस असतो, तो फुकट मिळाला तरी चेनला नको.

सफाईसाठीचे रॉकेल हल्ली सहज मिळत नाही, म्हणून ओ-रिंगला चालणारा चेन क्लीनर घ्यावा. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये आणि इंजिन बंद ठेवून मऊ ब्रशने चेन चारही बाजूंनी घासावी. तारेचा ब्रश रबरी कड्या कापतो. इंजिन चालू करून गिअरमध्ये चाक फिरवत चेन पुसणारे पुष्कळ दिसतात, मात्र फडके स्प्रॉकेटमध्ये (चेनच्या दातेरी चाकात) ओढले गेले की त्याच्यामागून बोटही जाते, तेव्हा चाक हातानेच फिरवावे. चेन पुसून पूर्ण कोरडी झाल्यावरच वंगण लावावे, कारण ओल्या चेनवर ते धरत नाही.

गिअर-ऑइलवाला:
वंगण कोणते लावावे, याबाबत माझे मत सांगतो. महागड्या चेन-स्प्रेऐवजी ९० नंबरचे गिअर ऑइल मला पुरते. ते चाकावर उडते हे खरे, पण थोडेच लावले आणि उरलेले पुसले तर तक्रार राहत नाही. खालच्या बाजूने जाणाऱ्या चेनच्या आतल्या अंगाला ते लावावे, म्हणजे चेन फिरताना बाहेरच्या दिशेने पसरते. टायरवर मात्र थेंबही पडू देऊ नये. रात्री गाडी परत आल्यावर, चेन कोमट असताना हे केले की सकाळपर्यंत तेल नीट मुरते. एरवी साधारण ५०० किलोमीटरला एकदा पुरते, पण अशा घाटातल्या पावसात भिजलेल्या प्रत्येक फेरीनंतर करावे.

घाटवाटकर:
आभारी आहे. आज साफ करताना दिसले की चेनचा एक दुवा वाकल्यावर सरळच होत नाही.

पाना-पक्कड:
मग कटकट बहुधा त्याचीच आहे. तिथली रबरी कडी तुटली आहे का आणि सांध्यातून तांबडी पूड निघते का, ते पाहा. पूड निघत असेल तर आतले ग्रीस संपले आहे आणि तेलाने तो दुवा सुधारणार नाही. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी धरून ओढून बघा. ती दातांवरून स्पष्ट उचलली जात असेल, किंवा दात आकड्यासारखे वळले असतील, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलावे लागतील, नाहीतर झिजलेले दात नवी चेनही लवकर खातील.

चेनला ढिलेपणा किती हवा ते गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. चाक फिरवत चेन जिथे सर्वांत घट्ट लागते तिथेच तो मोजावा, आणि मागच्या ॲक्सलचा (चाकाच्या दांड्याचा) नट आवळण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या जुळल्या आहेत ना, तेही तपासावे.