जॅझमधली उपज शिकवताना सुरुवात धानी रागापासून नको

तिसरी_टाळी:
सोलापुरात माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं शास्त्रीय गायनाची मध्यमा परीक्षा झालेली असतात. त्यांना जॅझमध्ये जागच्या जागी सुचेल तसं गायला शिकवायचं म्हटलं की सगळ्यांचा एकच सल्ला : बारा बारचा ब्लूज (बार म्हणजे चार मात्रांचा एक तुकडा, असे बारा झाले की फेरी पुन्हा सुरू) लावा आणि धानी (सा, कोमल ग, म, प, कोमल नि एवढ्या पाचच सुरांचा राग) गाऊ द्या. मला हे पटत नाही.

तंबोऱ्यावर सा हलत नाही, तसा तो ब्लूजमध्येही हलत नाही. पण त्याच्या खालच्या कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सुरांचे गुच्छ, हलतात. साधा साचा बघा. चार बार षड्जाची कॉर्ड, दोन मध्यमाची, दोन परत षड्जाची, मग एक पंचमाची, एक मध्यमाची, शेवटचे दोन षड्जाचे. तिन्ही सेव्हन्थ, म्हणजे प्रत्येकीत तिच्या मूळ सुराला सा धरून येणारा कोमल निषादही असतो. षड्जाच्या कॉर्डमध्ये शुद्ध गंधार आणि कोमल निषाद आहेत. पाचव्या बारला मध्यमाची कॉर्ड आली की गंधार कोमल होतो आणि निषाद उतरून धैवतावर येतो. आता धानीत शुद्ध गंधार नाही आणि धैवतही नाही. कॉर्ड बदलली हे ज्या सुरांवरून कळतं, त्यातले नेमके हेच दोन गायब!

म्हणून मी आधी फक्त ग आणि कोमल ग, कोमल नि आणि ध एवढंच लांब सुरात गाऊन घेतो. तान नाही, बोल नाही. मुलं कंटाळतात, कंटाळू देत.

पार्क_चौक:
सर, कंटाळलेलं पोर परत येत नाही. आणि जुने ब्लूज गायक तरी कुठे प्रत्येक कॉर्डमागे धावत होते? तिन्ही कॉर्डवर तेच पाच-सहा सूर, गंधार कोमल आणि शुद्धाच्या मधे कुठेतरी. तो जो घासतो ना, त्यातच ब्लूजची मजा आहे. धानीत तीव्र मध्यम टाकला की ब्लूज स्केल हातात आलं. माझी एक विद्यार्थिनी साथीचा ट्रॅक सुरू झाला की बाराच्या बारा बार गप्प उभी राहायची. धानी दिल्यावर तिनं तोंड उघडलं. आधी आवाज तर निघू द्या, गंधाराचं नंतर बघू.

तिसरी_टाळी:
ब्लूजपुरतं ठीक. पण पुढे ‘हाऊ हाय द मून’सारखं जॅझचं गाणं घेतलंत की काय करणार? तिथे तिसऱ्या बारला गंधार कोमल होतो आणि पाचव्या बारला सा स्वतःच एक पूर्ण स्वर खाली जातो. धानीवर वाढलेलं मूल तिथे रस्ता चुकणारच.

दोन_आणि_चार:
तुम्ही दोघंही सुरातच अडकलात. आपल्या मुलांची अडचण लय आहे. टाळी चार मात्रांपैकी दोन आणि चारवर द्या म्हणावं. दोन फेऱ्या जमतं, मग हळूच सगळा वर्ग एक आणि तीनवर येतो, कारण सम अंगात मुरलेली. वर स्कॅटच्या (शब्दांऐवजी निरर्थक बोलांत गाण्याच्या) नावाखाली तराण्याचे बोल! ‘दिर दिर’ समसमान पडतं, स्विंगला, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीला, लांब-आखूड जोडी लागते. ‘दू-बा’ म्हणा, जोर ‘बा’वर.

माझं मत : जॅझ गायक-ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगचं १९२६ चं ‘हीबी जीबीज’ ऐकवा आणि त्यातला स्कॅटचा तुकडा श्वासासकट पाठ करून घ्या. आपणही बंदिश आधी पाठच करतो की. (गाताना कागद खाली पडला म्हणून स्कॅट जन्मला, ही गोष्ट मात्र सांगू नका. स्कॅट आधीपासून होतं.)

चटणीभाकरी:
सोलापुरात हे ऐकणार कोण? विशारदच्या परीक्षेत ‘दू-बा’ला मार्क नाहीत. ‘इना मीना डिका’ गायलं की झालं जॅझ.

दोन_आणि_चार:
ते गाणं झकास आहे, सी. रामचंद्रांनी रंगत आणली आहे. पण ते बोल आधीच लिहिलेले, बसवलेले. त्यात उपज कुठे? १९६० साली बर्लिनच्या मैफिलीत जॅझ गायिका एला फिट्झगेराल्ड ‘मॅक द नाइफ’ या गाण्याचे शब्द विसरली आणि तिथेच नवे जोडत गात राहिली. फरक तो आहे.

तिसरी_टाळी:
आणि ती थांबली नाही, कारण खालच्या कॉर्ड तिच्या कानात पक्क्या होत्या. माझं म्हणणं तेच आहे.

पार्क_चौक:
कॉर्ड पक्क्या होत्या, शिवाय चारचौघांसमोर चुकायची भीती नव्हती. ती भीती ग आणि कोमल ग घोकून जात नाही. रविवारी तुमची मुलं आणा, माझीही आणतो, एकाच ट्रॅकवर गाऊ देत. माझ्याकडचा ट्रॅक बी फ्लॅटचा, म्हणजे काळी पाच, मुलींना सोयीचा. मुलग्यांसाठी काळी एकचा तुम्ही आणा. लय मिनिटाला शंभर मात्रांच्या वर नको.