मदत हवी आहे : बोरीकाठच्या शेतात पांढरी भुकटी निघाली. ही ज्वालामुखीची राख असेल का?

बोरीकाठ

राम राम मंडळी.

अमळनेर तालुक्यात बोरी नदीच्या काठाला आमचं सव्वातीन एकर रान आहे. नदीकडची बाजू घळीने दरसाल खात चालली होती, म्हणून गेल्या उन्हाळ्यात जेसीबी लावून कड सपाट करायला घेतली. मशीनवाल्याला "दोन फुटांखाली जाऊ नको" असं सांगून मी चहा आणायला गेलो. परत येतो तर त्याने पुरुषभर खोल उकरून सगळं पाऊण एकरावर पसरून ठेवलेलं. भांडण झालं, पैसे द्यायचे ते दिलेच.

आता कापलेल्या कडेला थर स्पष्ट दिसतात. वरून साडेतीन फूट आपली काळी. तिच्याखाली वीतभर जाडीचा राखाडी-पांढरा थर, चुलीतली राख चाळून ठेवावी तसा. त्याखाली पिवळट चिकट माती, बोराएवढे चुनखडीचे खडे असलेली. पांढरी भुकटी बोटांत पिठासारखी लागते, पण दाताखाली कचकचते (हो, चावून पाहिली). उन्हात धरली की बारीक चमकते. ओली केली तर गोळा होतो, दोरी वळत नाही.

अडचण अशी, की माती पसरलेल्या पाऊण एकरात कपाशी गुडघ्याच्या वर गेली नाही. बाकी रानात कमरेला लागते. पाऊस पडला की तिथे पपडी धरते आणि वरून कोरडं दिसलं तरी खाली चिबड. शेजारच्या तासाला वापसा येऊन वखर चालतो, इथे बूट रुततो. गंमत म्हणजे बांधावर नुसत्या पांढऱ्या भुकटीचा एक ढीग पडून आहे. त्याच्यावर सांडलेल्या हरभऱ्याची झाडं मात्र मस्त आली.

आजी म्हणते, "हाई ते राखच शे, पहिले गाव जळेल व्हतं आठे." औषधाच्या दुकानात सांगितलं, राख म्हणजे पोटॅश, फुकटात खत मिळालं समजा. आणि भाच्याने मोबाईलवर दाखवलं की बोरी इथे ज्वालामुखीची राख सापडलेली आहे! तेव्हापासून झोप नाही. ही तीच का? असेल तर रानात ठेवू की काढू? माती तपासून आणली, तर कागदावर नुसतं नत्र-स्फुरद-पालाश छापून आलं. त्यातून मला काही कळलं नाही.

तापीथडी

फोटो टाका भो. आणि पोटॅशच्या नावाखाली अजून काही विकत घेऊ नका.

कुकडीकर

बोरीकाठ, तुमची बोरी चुकली! बातमीतली बोरी म्हणजे पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात कुकडी नदीवरचं गाव. तिथे नदीच्या गाळात राखेचा थर आहे, १९८०च्या दशकात तो अभ्यासकांपुढे आला. त्याच गाळात अश्मयुगीन दगडी हत्यारं सापडल्याने राख नक्की किती जुनी यावर बराच वाद झाला.

भारतातल्या नदीखोऱ्यांत सापडणारी अशी बहुतेक राख इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची मानतात. त्याचा सर्वांत मोठा स्फोट सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा. कऱ्हेकाठी मोरगाव, नर्मदा, सोन, आंध्रातलं ज्वालापुरम, बऱ्याच ठिकाणी ती आहे. पूर्णेच्या गाळातूनही नोंद आहे, आणि पूर्णा चांगदेवला तापीलाच मिळते. म्हणजे तुमच्या खोऱ्याला राख अगदीच परकी नाही. पण राखाडी दिसतं ते राख, असं समजू नका.

आकाशातून पडली तेव्हा इकडे राख काही सेंटीमीटरच साचली असावी. वीतभर किंवा हातभर थर दिसतो तो पावसाने आजूबाजूची राख धुऊन खोलगट जागी, पुराच्या संथ पाण्यात आणून टाकल्याने. तुमचा थर एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला निमुळता होतो का, ते पाहा.

काळीपांढरी

आजीचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. गावाची जागा ती पांढरी आणि शेताची ती काळी, हे आपण उगाच म्हणत नाही. जुन्या वस्तीच्या टेकाडात चुलीची राख, शेण, पडक्या भिंतींची माती मिळून असाच पांढरट थर होतो. तापी-गिरणेच्या खोऱ्यात ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्त्या आहेत, प्रकाशे आणि बहाळला उत्खननं झालेली आहेत. थरात खापरं, हाडं, कोळसा, जळक्या मातीचे गोळे दिसतात का? दिसले तर अजिबात उकरू नका, पुरातत्त्ववाल्यांना कळवा.

मातीवाली

दादा, तुमचे प्रश्न दोन आहेत आणि ते एकमेकांत अडकले आहेत. थर कसला, हा एक. कपाशी का खुंटली, हा दुसरा. एकाचं उत्तर दुसऱ्याचं असेलच असं नाही. तो हरभऱ्याचा ढीग मला फार बोलका वाटतो.

आधी एक गैरसमज काढते. आपली काळी मातीसुद्धा ज्वालामुखीचीच लेक आहे, पण राखेची नव्हे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरला, त्याचा काळा पाषाण झिजून ती झाली. राख म्हणजे हवेत उडालेल्या लाव्हाची बारीक काच. टोबाच्या काचेत ७० टक्क्यांहून जास्त सिलिका असते. तिच्यातलं पोटॅशियम काचेत बंद असतं, लाकडाच्या राखेसारखं पाण्यात सुटून पिकाला मिळत नाही. त्यामुळे दुकानदाराचं म्हणणं सोडून द्या.

राखेच्या जमिनींबद्दल इंटरनेटवर वाचाल ते बहुतेक जपान, इंडोनेशियासारख्या भरपूर पावसाच्या मुलखातलं असतं. तिथे काच लवकर कुजते, अ‍ॅलोफेन नावाचं खनिज तयार होतं, माती इतकी हलकी होते की एका घनसेंटीमीटरला ०.९ ग्रॅमसुद्धा भरत नाही. स्फुरद टाकलं की अशी माती ते गिळून बसते. तुमच्याकडे सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत. एवढ्या पाण्याने सिलिका वाहून जात नाही. मग काच एकतर तशीच राहते, नाहीतर तिची फुगणारी चिकणमाती बनते, काळीत असते त्याच जातीची.

अशा कोरड्या हवेतल्या नदीकाठच्या राखमिश्रित जमिनी अमेरिकेच्या ओरेगॉन भागात आहेत. तिथे माझामा नावाचा पर्वत सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी फुटला, त्याच्या खड्ड्यात आता क्रेटर लेक आहे. राख उतारांवरून धुपून पूरमैदानात आली, गाळात मिसळली. अशी माती कोरडी असताना भुरभुरीत, पाणी मात्र भरपूर धरते. राखेचा थर आणि चिकणमाती जिथे भेटतात तिथे पाणी अडतं. कुठे सिलिका आणि चुना मिळून विटेसारखा कठीण थर होतो. आणि भूजल वर असेल तर उन्हाने पाणी उडून क्षार आणि सोडियम मागे राहतात. तिथल्या पिकाला जाच होतो तो बहुतेक या शेवटच्या गोष्टींचा. काच बिचारी नुसती पडून असते.

आता घरच्या घरी करायचं. काळी, पांढरी, पिवळी, तिन्हींचे नमुने थेट कडेतून घ्या, पसरलेल्या मातीतून नको. प्रत्येकावर संडास धुण्याच्या अ‍ॅसिडचे दोन थेंब, हात आणि डोळे सांभाळून. फसफसलं तर चुना. काच फसफसत नाही. मग तीन काचेच्या बाटल्यांत मूठमूठ माती आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते पाणी. बोअरचं पाणी नको, त्यातल्या क्षारांनी निकाल बिघडतो. हलवून ठेवा, कुठली किती वेळ गढूळ राहते ते पाहा. पाईपचा तुकडा ठोकून न विस्कटलेली माती काढता आली तर वाळवून वजनही करा.

सोडियम फ्लोराईडची चाचणी कुठे वाचलीत तर करू नका. ते विषारी आहे, शिवाय चुनखडीच्या मातीत उगाच "राख आहे" असा कौल देतं.

बोरीकाठ

ताई, सगळं केलं. तीन दिवस ओट्यावर बाटल्या मांडून बसलो, घरच्यांनी नावं ठेवली.

अ‍ॅसिड : काळी जराशी फसफसली. पिवळी सोड्याची बाटली उघडावी तशी. पांढरी गप्प! एका ठिकाणी बुडबुडे आले, तिथे चुनखडीचा खडा निघाला.

वजन : पाईप आतून १० सेंमी रुंद, १५ सेंमी उंच. सुकवून पांढरी १,२४० ग्रॅम, काळी १,७०० ग्रॅम.

बाटल्या : पांढरी तासाभरात खाली बसली, वर पाणी नितळ. काळी संध्याकाळपर्यंत बसली. पिवळी आज तिसऱ्या दिवशीही ताकासारखी आहे.

खापर, कोळसा काही नाही, नीट शोधलं. थर नदीकडे जाड आहे, आत बांधाकडे दोन बोटांवर येतो. शाळेतल्या सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, फुटलेल्या बल्बच्या काचेसारखे धारदार तुकडे म्हणाले. गोल मणी एकही नाही.

मातीवाली

गोल मणी नाहीत म्हणजे वीजकेंद्राची उडती राख नव्हे, तिचे कण गोळ्यांसारखे असतात. पांढरीचं वजन घनसेंटीमीटरला साधारण १.०५ ग्रॅम आलं, काळीचं १.४४. पांढरी चांगलीच हलकी आहे. वाकड्या भिंतींचे किंवा इंग्रजी वाय अक्षरासारखे तुकडे दिसले तर काच असण्याची शक्यता बरीच वाढते, कारण फुटलेल्या बुडबुड्यांच्या त्या कडा असतात. पण गारगोटीचा चुराही पारदर्शक दिसतो. पक्कं सांगायला भूशास्त्र विभागातला ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक लागेल. काडेपेटीएवढा नमुना पुरे, सोबत थराचा फोटो आणि खोली लिहून द्या.

कपाशीचा गुन्हेगार मात्र सापडला. तो पांढरा नाही, पिवळा आहे. पांढरी वाईट असती तर तिच्या ढिगावर हरभरा आला नसता. तीन दिवस पाणी गढूळ ठेवणारी माती म्हणजे चोपण, सोडियम चढलेली. कमी पावसात चुना खाली खडे होऊन बसतो, त्यात कॅल्शियम अडकतं आणि मातीच्या कणांवर सोडियमचा वाटा वाढतो. हे सगळं साडेतीन फुटांखाली गुपचूप चाललेलं होतं, मशीनने ते उचलून पिकाच्या मुळाशी आणून ठेवलं. म्हणून पपडी, म्हणून चिबड.

आता त्या पाऊण एकराचा नमुना पुन्हा द्या आणि सामू (पीएच), क्षारता आणि विनिमयक्षम सोडियमची, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची, टक्केवारी मागा. ही सोडियमची टक्केवारी १५ च्या वर आली तर ते हटवायला जिप्सम, पण किती ते अहवाल बघूनच. शेणखत, पावसाळ्यात धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) गाडणं, आणि पाणी निघायला चर. चर नसेल तर जिप्सम वाया.

तापीथडी

म्हणजे पिवळी खरवडून परत घळीत लोटली की झालं?

मातीवाली

नको नको! चोपण माती पाण्यात विरघळल्यासारखी सुटते. घळीच्या तोंडाशी टाकली तर पहिल्या पावसात जाईल आणि घळ अजून आत येईल. मला तर वाटतं मुळात कड खचत होती तीच या थरामुळे. पाणी भेगेतून खाली जातं, पिवळीत भुयार पाडतं, मग वरची काळी कोसळते. बोरीकाठ, कडेला खालच्या अंगाला भोकं आहेत का?

बोरीकाठ

आहेत ना ताई. मुठीएवढी, सात-आठ तरी. उंदरांची बिळं समजून दोन वर्षं मी त्यांत औषध टाकतोय.

नमुन्याची डबी भरून ठेवली आहे, भाचा सोमवारी जळगावला जातो तेव्हा विद्यापीठात देईल. पाऊण एकरात या रब्बीला दादर (ज्वारी) पेरायची नाही असं ठरवलं. कडेला आता काय लावू, ते सांगा. भोकांचे फोटो रात्री टाकतो.