मदत हवी आहे: केमोथेरपीच्या काळात थट्टा कुठे थांबवावी?

माझ्या थोरल्या बहिणीला स्तनाचा कर्करोग असून तिची केमोथेरपी दर 21 दिवसांनी एक, या क्रमाने चालू आहे. केस गळणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितल्यामुळे तिने स्वतःहून डोके भादरून घेतले आणि "आता शाम्पूचा खर्च वाचला" म्हणत आम्हा सर्वांना हसवले. तेव्हापासून आम्हीही थट्टा करू लागलो; परंतु औषध दिल्यानंतर मळमळ, तोंडातील फोड आणि थकव्याने ती गळून गेलेली असते, तेव्हा ती मनापासून हसते की आमच्यासाठी उसने अवसान आणते, हे उमगत नाही. (भेटायला येणाऱ्यांचे "सकारात्मक राहा" हे पालुपद मात्र तिला मुळीच सोसत नाही, आणि मलाही.) संसर्गाशी लढणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशी औषध दिल्यापासून साधारणतः सातव्या ते चौदाव्या दिवसांत सर्वांत कमी असल्याने त्या काळात गर्दी टाळावी लागते, मग तिला एकटेपणा जाणवू न देता सोबत कशी करावी? ताप 38 अंश सेल्सिअसवर गेल्यास तातडीने रुग्णालय गाठायचे, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यामुळे औषधोपचारांविषयी सल्ला नको. ज्यांनी हे उपचार स्वतः घेतले आहेत, त्यांना विनोद नकोसा झाल्याचे घरच्यांना कशावरून ओळखता येत असे, आणि कोणाची कोणती सोबत खरोखर उपयोगी पडली, हे कृपया सांगावे.