थंडीत हार्डफेसिंगचा थर दुसऱ्या दिवशी सुटतोय

होल्डरवाला:
लोडर बकेटच्या पात्यावर हार्डफेसिंग (झीज कमी करणारा कडक वेल्डचा थर चढवणं) चालू आहे. पातं 40 मिमी जाड, काम उघड्यावर, सकाळी तापमान 4-5 अंश. वेल्डिंग रॉड तेच, करंट तोच, उन्हाळ्यात काही तक्रार नव्हती. आता रॉड पेटवला की पहिल्या इंचभरात पिनहोल (बारीक छिद्रं) येतात. ते ग्राइंड करून भागतं. खरी काळजी वेगळीच. काल संध्याकाळी मारलेला थर ठोकून पाहिला, आवाज खणखणीत होता. आज सकाळी दोन बोटांएवढा तुकडा आपोआप सुटून खाली पडलेला. रॉड रात्रभर गाडीत असतात, सकाळी उबदार केबिनमध्ये पाकीट फोडून ठेवतो. पातं टॉर्चने शेकतो, पाणी सुटलं की पुसून लगेच वेल्डिंग. रॉडची कंपनी बदलू का?

जुना फिटर:
थांबा भाऊ. आधी तो तुकडा उलटा करून बघा. खाली पात्याचं लोखंड चिकटून आलंय का?

होल्डरवाला:
आलंय. करडं, चमकदार, खडीसाखर फोडल्यासारखं दाणेदार. जाडी अर्धा मिमी असेल.

जुना फिटर:
म्हणजे वेल्ड सुटलेलं नाही, वेल्डखालचं पातं फुटलंय. फ्लक्समधल्या (रॉडवरच्या लेपातल्या) ओलाव्यातून हायड्रोजन लोखंडात शिरतो. गार, जाड पातं वेल्डची उष्णता झटक्यात ओढून घेतं, त्यामुळे वेल्डलगतचा पट्टा कडक आणि ठिसूळ होतो. हायड्रोजन तिथे जमायला तास जातात, म्हणून तडा रात्रीतून येतो.

गार रॉड उबेत उघडले की त्यांवर दव धरतं. पाकीट बंद ठेवूनच आतपर्यंत कोमट होऊ द्या, मग फोडा. बेसिक, लो हायड्रोजन (कमी हायड्रोजन सोडणाऱ्या लेपाचा) रॉड असेल तर ओव्हनमध्ये 300 ते 350 अंशांवर तास-दोन तास भाजा आणि गरम क्विव्हरमधून (रॉड गरम ठेवायच्या डब्यातून) एकेक काढा. रुटाइल (टायटॅनियम ऑक्साइडच्या लेपाचा) रॉड असेल तर इतकं भाजू नका, फ्लक्स बिघडतो. पाकिटावरचा आकडा पाळा.

आणि ते पाणी पात्यातून सुटत नाही हो! गॅस जळताना वाफ होते, ती गार लोखंडावर जमते. पाणी दिसतंय म्हणजे पातं अजून गारच आहे. लो अलॉय (थोडे मिश्रधातू असलेल्या) पात्याला 150 ते 200 अंश लागतात, तेही आरपार. टेंपरेचर चॉक (ठरलेल्या तापमानाला वितळणारा खडू) ज्योतीच्या उलट्या बाजूला लावून बघा. काम झालं की ब्लँकेट नाहीतर कोरडा चुना टाकून सावकाश निवू द्या.

कालचा उरलेला थर दिसायला चांगला असला तरी ठेवू नका. ग्राइंड करून डाय पेनिट्रंट (न दिसणाऱ्या भेगा दाखवणारा रंग) मारा.

क्रशरवाली:
तापवण्याआधी लोहचुंबक लावा. चिकटलं नाही तर ते मँगनीज स्टील असू शकतं. त्याला असा प्रीहीट (वेल्डिंगआधी तापवणं) चालत नाही, ठिसूळ होतं. फक्त गारठा घालवायचा आणि दोन पासांमध्ये (वेल्डच्या फेऱ्यांमध्ये) पातं 260 अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. रॉड क्रोमियम कार्बाइडचा असेल तर वेल्डच्या मण्यावर (रेघेवर) आडव्या बारीक भेगा पडणारच, त्यांना घाबरू नका.

होल्डरवाला:
चुंबक घट्ट चिकटलं. डाय मारल्यावर थराच्या कडेने वीतभर लाल रेघ उमटली, डोळ्याला काहीच दिसत नव्हतं. सगळं काढलं. दोन टॉर्च लावून उलट्या बाजूला 150 चा चॉक वितळायला पाऊण तास लागला. मी आधी पाच मिनिटं शेकत होतो. भाजलेल्या रॉडने पिनहोल एकही नाही. चुन्याखाली पातं आज सकाळीही कोमट लागलं. 48 तास झाले की पुन्हा डाय मारून मगच बकेट देणार.