मदत हवी आहे: पाण्याचं अपघटन, पण हायड्रोजन-ऑक्सिजन 2:1 येतच नाही

प्रयोगवही
दहावीला दाखवायचंय, शनिवारी तास आहे. दोन परीक्षानळ्या पाण्याने भरून उलट्या ठेवल्या, बॅटरी जोडली. ऋणाग्राच्या (बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या कांडीच्या) नळीत 12 मिलि वायू, धनाग्राच्या (धन टोकाच्या) नळीत जेमतेम 2. पोरं विचारणार, सर 2 पट हवं तिथे 6 पट कसे आले? नळ्या गळत नाहीत, तपासल्यात. काय चुकतंय तेवढं लवकर सांगा.

तुरटी
पाण्यात काय घातलं होतं? अग्रं कशाची? बॅटरी किती व्होल्टची? यातलं एकही लिहिलेलं नाही.

कोकणचा_काका
ऑक्सिजन ओळखायला विझत आलेली उदबत्ती नळीत घाला, भडकन पेटते. हायड्रोजनला पेटती काडी, 'पॉक' आवाज येतो. दोन्ही वायू एकत्र करून पेटवायचे असतील तर साबणाच्या एखाद-दोन फुग्यांपुरतेच, बंद बाटलीत कधीच नाही.

प्रयोगवही
@काका, ओळखायचं विचारलंच नाही.
@तुरटी, मीठच, दुसरं काय घालणार? अग्रं पेन्सिलीची, 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी. आणि हो, धनाग्राकडे पोहण्याच्या तलावासारखा वास येतो. त्याचा संबंध आहे का?

तुरटी
आहे तर! तो क्लोरीन आहे. मिठाच्या पाण्यात धनाग्रावर ऑक्सिजनऐवजी मुख्यतः क्लोरीन निघतो. तो पाण्यात विरघळतो, शिवाय ऋणाग्राकडे तयार झालेल्या सोडियम हायड्रॉक्साइडशी मिळून हायपोक्लोराइट होतं. म्हणून नळी भरत नाही. ओला निळा लिटमस तिथे धरा, आधी लाल होईल, मग पांढरा पडेल. वर्गात खिडक्या उघड्या ठेवा.

सोडावाला
मीठ काढा, खायचा सोडा घाला. स्वस्त, सुरक्षित, प्रश्न मिटला.

तुरटी
मिटत नाही. धनाग्रापाशी आम्ल तयार होतं, खायच्या सोड्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि ऑक्सिजनमध्ये मिसळतो. काही विरघळतो, काही नळीत चढतो. आकडा 2:1 च्या जवळ आला तरी तो योगायोग.

ग्रॅफाइट_गणू
केंद्रीय मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात प्लॅस्टिकचा मग, कार्बनची अग्रं, 6 व्होल्ट आणि विरल सल्फ्युरिक आम्लाचे थेंब आहेत. तसंच करा. पेन्सिलीच्या शिशात चिकणमाती असते, त्यापेक्षा जुन्या झिंक-कार्बन सेलमधली कांडी बरी. अल्कलाइन सेल मात्र फोडू नका, आत कांडी नसते आणि रस हाताला भाजतो.

तुरटी
आम्ल बरोबर, पण कार्बनवर ऑक्सिजन निघाला की तो कार्बनलाच खातो. कांडी झिजते, काळी भुकटी पडते, ऑक्सिजन अर्ध्याहून कमीच भरतो. वायू ओळखून दाखवायला चालेल, मोजायला नाही.

ग्रॅफाइट_गणू
मग शाळेने काय प्लॅटिनम आणायचं?

तुरटी
स्टील आणा, पण आम्लात नाही, कॉस्टिक सोड्यात (म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड). आम्लात किंवा मिठात स्टीलचं धनाग्र विरघळतं, मिठात तर हिरवट-तपकिरी गाळ होतो आणि त्यात क्रोमियम-निकेल असतं. 500 मिलि पाण्यात 20 ग्रॅम कॉस्टिक सोडा. पाण्यात सोडा टाकायचा, उलट नाही, गरम होतं. चष्मा लावूनच, आणि हे काम शिक्षकांनीच करायचं. भांडं प्लॅस्टिकचं. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात केलंत तर पातेलंच हायड्रोजन सोडेल.

नळ्यांऐवजी 10 मिलिच्या दोन सिरिंज घ्या, दट्ट्या काढून टाका. तोंड वर, त्यावर सलाइनचा थ्री-वे कॉक (तीन वाटांची छोटी तोटी), वेगळ्या तिसऱ्या सिरिंजने द्रावण वर ओढा. तोंडाने अजिबात ओढायचं नाही. स्टीलच्या तारा खालून आत, तांब्याची तार द्रावणात कुठेही उघडी नको.

मोटरसायकल_मन्या
हाच वायू गाडीच्या कार्ब्युरेटरला दिला तर मायलेज वाढतं म्हणतात, खरं का?

कोकणचा_काका
वाढत नाही रे. एक लिटर पाणी फोडायला अगदी आदर्श स्थितीतही साधारण 4 युनिट वीज लागते, प्रत्यक्षात जास्त. जाळून मिळणारी ऊर्जा त्याहून जास्त कशी येईल? ती वीज शेवटी पेट्रोलमधूनच ना! वेगळा धागा काढ.

प्रयोगवही
सोडा आणि स्टील मिळेल. बॅटरी तीच चालेल?

तुरटी
चौकोनी बॅटरी या कामाला अशक्त, प्रवाह मागितला की व्होल्टेज पडतं. मोबाइलचा 5 व्होल्टचा चार्जर घ्या, फक्त अग्रं एकमेकांना टेकू देऊ नका. हिशेब: 200 मिलिअँपिअरला मिनिटाला दीड मिलि हायड्रोजन, म्हणजे 10 मिलिला साडेसहा मिनिटं. मोजण्याआधी दहा मिनिटं नुसतं चालू ठेवा, मग जमलेला वायू कॉकमधून काढून सिरिंज पुन्हा भरा. ताज्या पाण्यात ऑक्सिजन हायड्रोजनपेक्षा जास्त विरघळतो, म्हणून पहिली मोजणी नेहमी 2 च्या वर जाते.

सोडावाला
खायच्या सोड्याने निदान पोरांचे डोळे तरी वाचतात.

प्रयोगवही
थ्री-वे कॉक मेडिकलमध्ये मिळतो की सर्जिकलच्या दुकानात जावं लागेल?