एक्सआरडीत क्लेचं पीक गायब, पण मॉड्युलस काही वाढेना (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, मटेरियल सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मल्टीफेज पॉलिमर्स (ब्लेंड, कॉम्पोझिट वगैरे) हा विषय आता डोक्यावरून जायला लागलाय. नोट्स वाचताना सगळं कळतं, लॅबचे आकडे समोर आले की फिसकटतं.

प्रोजेक्टला नायलॉन ६ मध्ये ऑर्गॅनोक्ले (सर्फॅक्टंट लावलेली थरांची माती) आहे, वजनाने ५ टक्के, ट्विन स्क्रूमधून (वितळवून मिसळणाऱ्या मशीनमधून) काढलेलं. एक्सआरडीत (एक्स-रे विवर्तनाच्या चाचणीत) नुसत्या क्लेचं पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, टू थीटा (विवर्तनाचा कोन) ४.८ अंशाला येतं, म्हणजे थरांमधलं अंतर साधारण १.८ नॅनोमीटर. कॉम्पोझिटमध्ये मात्र पीकच नाही, २ अंशापासून पुढे नुसता उतार. नोट्समध्ये सरळ लिहिलंय की पीक शिफ्ट झालं तर इंटरकॅलेटेड (थरांमध्ये पॉलिमर शिरलंय), गेलं तर एक्सफोलिएटेड (थर सुटे झालेत), मग आपलं एक्सफोलिएटेड म्हणायचं ना? पण मॉड्युलस (कडकपणा) वाढलाय जेमतेम १५ टक्के, आणि टोयोटाच्या लोकांनी १९८० च्या दशकात एवढ्याच क्लेमध्ये तो जवळजवळ दुप्पट केला होता, हीट डिस्टॉर्शन टेम्परेचर (भाराखाली वाकायला लागण्याचं तापमान) ६५ वरून १४० अंश सेल्सिअसच्या वर नेलं होतं. गाइड म्हणतात कारण तूच शोध. रिपोर्टात काय लिहू?

आणि जाता जाता, दोन पॉलिमरच्या ब्लेंडला डीएससीत (तापवताना उष्णता मोजणाऱ्या चाचणीत) एकच टीजी (ग्लास ट्रान्झिशन तापमान) आला की मिसिबल, म्हणजे पूर्ण मिसळलेला, हे डोळे झाकून धरायचं का?

प्रतिसाद १
पीक गेलं म्हणजे थर सुटे झाले असं अजिबात नाही, हे वाक्य नोट्समधून आधी खोडा. थरांचे गठ्ठे तसेच आहेत पण वेडेवाकडे झालेत, अंतर सारखं नाही, तरी पीक पसरून नाहीसं होतं. शिवाय तुमचं स्कॅन २ अंशापासून सुरू होतंय, म्हणजे अंतर ४.४ नॅनोमीटरच्या वर गेलं की ते तुम्हाला दिसणारच नाही, गठ्ठा शाबूत असला तरी. टीईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) करा. आणि फक्त सुंदर दिसणारा एक फोटो लावू नका, आधी कमी मॅग्निफिकेशनला बघा, मोठे काळे ढेकूळ तिथेच सापडतात.

टोयोटाशी तुलना करताना त्यांची पद्धत बघा. त्यांनी कॅप्रोलॅक्टम थरांच्या आत शिरवून तिथेच पॉलिमराइज केलं होतं, तुम्ही तयार नायलॉन वितळवून मिसळलंय. मेल्टमध्ये गठ्ठे फोडायचं काम शिअरचं, त्यामुळे जास्त मॉलिक्युलर वेटचा, म्हणजे घट्ट वाहणारा ग्रेड बहुतेक वेळा बरा पडतो. हे ऐकायला उलटं वाटतं खरं.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत, पण मी आधी हिशोब तपासेन. ५ टक्के कशाचे? ऑर्गॅनोक्लेचे ना? त्यात तिसरा हिस्सा तरी अमोनियम सर्फॅक्टंट असतो, म्हणजे खरा सिलिकेट ३.३ टक्क्यांच्या आसपास उरला. ताकद देणारा तोच. त्याची घनता नायलॉनच्या अडीचपट, म्हणजे व्हॉल्यूमने १.४ टक्केसुद्धा भरत नाही, आणि हॅल्पिन-त्साईत (कॉम्पोझिटचा मॉड्युलस काढायच्या सूत्रात) व्हॉल्यूम फ्रॅक्शनच घालायचं असतं. थोडं कॉम्पोझिट जाळून राख मोज, नायलॉन आणि सर्फॅक्टंट जळून सिलिकेटच मागे उरतो.

दुसरं, टेस्टच्या आधी सॅम्पल कुठे होते? नायलॉन हवेतलं पाणी पितं आणि मऊ होतं, कोरड्याचा मॉड्युलस ओल्यापेक्षा दुपटीहून जास्त भरू शकतो. नुसतं नायलॉन डेसिकेटरमधून काढलेलं आणि कॉम्पोझिट टेबलावरचं असेल तर तुझ्या १५ टक्क्यांना काही अर्थ नाही. दोन्ही व्हॅक्यूम ओव्हनमध्ये सुकवून लगोलग ओढ.

टीजीचं म्हणशील तर एकच टीजी म्हणजे फक्त डीएससीला दोन फेज वेगळे दिसले नाहीत. डोमेन फार बारीक असतील, किंवा दोन्ही पॉलिमरचे टीजी मुळातच १०-१५ अंशांच्या आत असतील, तर ते बिचारं काय सांगणार. पीएस (पॉलिस्टायरीन) आणि पीपीओचे (पॉलिफेनिलीन ऑक्साइडचे) टीजी शंभरेक अंश लांब आहेत, म्हणून तिथे मधला एकच टीजी भरवशाचा. शंका असेल तर डीएमए (हलवत-तापवत कडकपणा मोजणारी चाचणी) कर, दुसरा फेज असेल तर टॅन डेल्टाच्या (ऊर्जा किती वाया जाते त्याच्या) आलेखात बारीक खांदा दिसतो.

धागाकर्ती
बापरे, राखेचं तर कोणी बोललंच नव्हतं! मफल फर्नेसमध्ये जाळून बघितलं, राख आली ३.२ टक्के. सॅम्पल दोन वेगळ्या बॅचचे आहेत त्यामुळे पुन्हा सुकवून टेस्ट लावतेय, टीईएमची रांग मोठी आहे. तोपर्यंत रिपोर्टात "एक्सफोलिएटेड" ऐवजी "एक्सआरडीत बेसल पीक (थरांच्या अंतराचं पीक) आढळलं नाही" एवढंच लिहिते, चालेल ना?

प्रतिसाद २
चालेल. स्कॅन कुठल्या अंशापासून घेतला तेही त्याच वाक्यात टाक, नाहीतर एक्स्टर्नल परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारणार.