मदत हवी आहे: मुलीसाठी शांत स्वभावाची घोडी

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकच्या मखमलाबादला राहतो. मळ्यात जागा आहे, चाऱ्याची सोय आहे. मुलगी चौदा वर्षांची असून रपेट बऱ्यापैकी शिकली आहे. आता तिच्यासाठी घोडी किंवा खच्ची केलेला घोडा घ्यायचा आहे. बजेट साठ-सत्तर हजार, फार ताणून ऐंशी.

वय दहा-बाराच्या पुढे असलं तरी चालेल, उलट बरंच. रंग, उंची, कानांचा बाक यांचे पैसे मला मोजायचे नाहीत. ट्रॅक्टर शेजारून गेला तरी बिचकू नये, खोगीर चढवताना आणि रिकिबीत पाय ठेवताना जागेवर उभी राहावी, चारही पाय निमूट उचलू द्यावेत, एवढंच हवं.

एका व्यापाऱ्याने वरातीतली घोडी दाखवली. बँडला सरावलेली, पण लगाम जरा खेचला की पुढचे पाय उचलून नाचायला लागते. लेकराला तिच्यावर बसवायला माझा जीव धजत नाही. अशी सवय मोडते का? अनुभव असेल तर जरूर सांगा.

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जावं का? गर्दीत जनावराचा खरा स्वभाव कसा ओळखायचा? गुंगीचं औषध देऊन शांत दाखवतात म्हणे, म्हणून काळजी वाटते. घोड्यांची जाण असलेले पशुवैद्य आणि चांगला नालबंद नाशिकमध्ये कोण आहेत? ग्लँडर्सची (घोड्यांचा जीवघेणा संसर्गजन्य रोग) रक्ततपासणी झाल्याशिवाय मी पैसे देणार नाही. कुणी घरची, मायेने सांभाळलेली घोडी देणार असेल तर आधी कळवा.